कबर कुणाच्या मालकीची?

फिरदौसी आणि मोहम्मद मोसादेघ यांच्यात साडेनऊशे वर्षांचं अंतर आहे. एक महाकवी, दुसरा पंतप्रधान. तरी दोघांच्या मरणात एक विलक्षण साम्य आहे. दोघांनाही रीतसर दफनभूमीत जागा मिळाली नाही, आणि दोघांनाही आपल्याच मालकीच्या जागेत पुरावं लागलं. फिरदौसीची हकिकत निजामी अरूजी या लेखकानं बाराव्या शतकात लिहून ठेवली आहे. गझनीच्या महमुदानं सोन्याऐवजी चांदी देऊन ‘शाहनामा’च्या कवीची बोळवण केली. कवीनं ती रक्कम हमामखान्यातला नोकर आणि सरबतवाला यांच्यात वाटून टाकली. पुढं सुलतानाला उपरती झाली, पण त्याचं इनाम तूस गावाच्या एका वेशीतून आत येत होतं तेव्हा दुसऱ्या वेशीतून कवीचं प्रेत बाहेर निघालं होतं. इथवरची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते, तिचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. गावातला एक धर्मोपदेशक हटून बसला, की हा राफिजी, म्हणजे पाखंडी शिया, मुसलमानांच्या कबरस्तानात याला घेणार नाही. शेवटी फिरदौसीला त्याच्याच बागेत मूठमाती मिळाली.

मोसादेघ यांनी १९५१ साली इराणचं तेल ब्रिटिश कंपनीच्या हातून काढून घेतलं. १९५३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन आणि ब्रिटिश हेरखात्यांनी घडवून आणलेल्या उठावात त्यांचं सरकार पडलं. लष्करी न्यायालयात खटला चालला, तीन वर्षं तुरुंगवास झाला, आणि मग मरेपर्यंत अहमदाबाद या आपल्या गावी नजरकैद. ५ मार्च १९६७ ला ते गेले. जुलै १९५२ मध्ये त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरून ज्यांनी गोळ्या खाल्ल्या, त्यांच्या शेजारी आपल्याला पुरावं अशी त्यांची इच्छा होती. शहानं ती नाकारली. देशाच्या पंतप्रधानाला स्वतःच्या घरातल्या जेवणाच्या खोलीत पुरलं गेलं.

फिरदौसीच्या हकिकतीत खरं किती आणि रचलेलं किती, यावर अभ्यासकांचा वाद आहे, तो राहू दे. मला तिच्यात इराणी राज्यकर्त्यांचा जुना रोग दिसतो. थोर माणूस जिवंत असेतो त्यांना अडचणीचा वाटतो, आणि मेल्यावर तो आपलाच होता हे सांगायला ते धावतात. गेल्या शंभर वर्षांत तिथं थोरांच्या अशा दोन सरकारी याद्या झाल्या. एक पहलवी शहांची, दुसरी १९७९ नंतरच्या धर्मसत्तेची. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, यातली एक तरी खरी असणार. माझं म्हणणं असं, की दोन्ही खोट्या आहेत. खोट्या कशा, ते पाठ्यपुस्तकांपेक्षा कबरींवरून लवकर कळतं.

शहांच्या यादीपासून सुरुवात करू. पहिला पहलवी शहा रझा यानं १९३४ साली तूसमध्ये फिरदौसीची भव्य समाधी उभारली. आकार मुद्दाम पासारगाद इथल्या, प्राचीन इराणी साम्राज्याचा संस्थापक सायरस याच्या कबरीसारखा घेतला, म्हणजे कवीही आपसूक राजांच्या रांगेत बसला. फिरदौसीच्या सहस्राब्दीचा सोहळा झाला, देशोदेशीचे पंडित तेहरानला जमले. अशा वेळी पाहुण्यांपुढं उभा करायला देशातला पहिल्या प्रतीचा एखादा हयात कवी हवाच. तो होता मलिक-उश-शुअरा बहार, आणि तो तेव्हा इस्फहानला हद्दपारीत दिवस काढत होता. सोहळ्यासाठी त्याला परत आणलं गेलं! फर्रुखी यझदी हा दुसरा कवी मात्र इतका नशीबवान नव्हता. तरुणपणी यझदच्या सुभेदारानं सुई-दोऱ्यानं त्याचे ओठ शिवले होते. रझा शहाच्या राज्यात तो खासदारही झाला, आणि १९३९ साली तेहरानच्या कस्र तुरुंगात मेला. त्याची कबर कुणाला दाखवता येत नाही.

याच सहस्राब्दीच्या निमित्तानं फिरदौसीवर एक सिनेमा निघाला, तो आपल्या मुंबईत. अब्दुलहुसेन सेपांता हा इराणी तरुण आणि ‘आलम आरा’वाले अर्देशीर इराणी यांनी इम्पिरियल कंपनीतर्फे १९३३ मध्ये ‘दुख्तर-ए-लोर’ हा फारसीतला पहिला बोलपट केला होता. पाठोपाठ ‘फिरदौसी’ आला. त्यातलं महमूद सुलतानाचं चित्रण रझा शहाला रुचलं नाही आणि काही प्रसंग पुन्हा चित्रित करावे लागले, असं सिनेमाचे इतिहासकार नोंदवतात. नऊशे वर्षांपूर्वीच्या सुलतानाची बेअदबी विसाव्या शतकातल्या शहाला झोंबली, म्हणजे कवीचा गौरव करायचा पण ज्यानं कवीला छळलं त्याला बोल लावायचा नाही. ‘दुख्तर-ए-लोर’ची नायिका रूहअंगीझ सामीनेजाद हिची कथा तर कुणाच्याच गौरवग्रंथात नव्हती. पडद्यावर तोंड दाखवलं म्हणून लोकांनी तिला इतकं छळलं, की नाव बदलून तिनं उरलेलं आयुष्य अज्ञातवासात काढलं.

सादिक हिदायत हा कथा-कादंबरीकार १९३६ साली मुंबईत आला तो तेहरानमध्ये छापणं अशक्य झाल्यावर. इथं बेहरामगोर अंकलेसारिया या पारशी पंडितांकडे तो पहलवी भाषा शिकला. इथंच त्यानं ‘बूफ-ए-कूर’, म्हणजे ‘आंधळं घुबड’, ही कादंबरी स्वतःच्या हस्ताक्षरात सायक्लोस्टाइल करून काढली. प्रती जेमतेम पन्नास, आणि वर सूचना, की इराणमध्ये विक्रीसाठी नाही. आधुनिक फारसी गद्यातली सगळ्यात गाजलेली कृती अशी मुंबईत चोरपावलांनी जगात आली. आता गंमत पाहा. प्राचीन इराण, पहलवी भाषा, अरबी आक्रमणापूर्वीचं वैभव, हे सगळं हिदायतला मनापासून प्रिय होतं. नेमकं हेच रझा शहाच्या यादीचं ब्रीद होतं. म्हणजे विचारानं तो शहाच्या घरचाच माणूस. तरीही त्याला तिथं थारा नव्हता, कारण त्याला जे दिसे ते तो लिही. १९५१ मध्ये त्यानं पॅरिसमध्ये आत्महत्या केली आणि तिथल्याच पेर लाशेझ दफनभूमीत त्याची कबर आहे. यादीत बसायला पुरातन वैभवावरचं प्रेम पुरत नाही, तोंड बंद ठेवावं लागतं, हे त्या कबरीवरून समजतं.

मुलानं बापावर कडी केली. ऑक्टोबर १९७१ मध्ये मोहम्मद रझा शहा पासारगादला सायरसच्या कबरीसमोर उभा राहिला आणि ‘तू निवांत झोप, आम्ही जागे आहोत’ अशा अर्थाचं भाषण करून त्यानं राजेशाहीची अडीच हजार वर्षं साजरी केली. पर्सेपोलिस या प्राचीन राजधानीच्या माळावर उंची तंबू पडले, जेवण पॅरिसहून आलं. १९७६ मध्ये त्यानं देशाचं कॅलेंडरच बदललं. १३५५ साल एका फटक्यात सायरसच्या राज्यारोहणापासून मोजलेलं २५३५ झालं. दोन वर्षांत हे गुंडाळावं लागलं आणि पुढच्या काही महिन्यांत शहालाही बाड-बिस्तरा आवरावा लागला.

मग दुसरी यादी आली. क्रांतीनंतर फाशीच्या शिक्षा वाटत फिरणारा न्यायाधीश सादिक खल्खाली यानं १९८० मध्ये रझा शहाची समाधी पाडली. पर्सेपोलिसवरही त्याचा डोळा होता, पण स्थानिक लोक आडवे आले. सायरस, दरायस हे तागूत, म्हणजे जुलमी मूर्तिपूजक राजे ठरले. पण सत्तेला सोय कळते. ऑक्टोबर २०१६ मध्ये सायरसच्या कबरीपाशी हजारो लोक जमले, घोषणा झाल्या, धरपकड झाली. नंतरच्या वर्षांत त्या दिवसांत तिकडचे रस्तेच अडवले जाऊ लागले. आणि तरीही जून २०२५ मध्ये इस्रायलशी बारा दिवसांचं युद्ध झालं तेव्हा याच राजवटीला पुराणे राजे आठवले. मोहरमच्या मजलिशीत सर्वोच्च नेते खामेनी यांच्यासमोर ‘ए इरान’ हे देशभक्तीचं गाणं म्हटलं गेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तेहरानच्या इन्किलाब चौकात सासानी सम्राट पहिला शापूर आणि त्याच्यापुढं गुडघे टेकलेला रोमन सम्राट व्हॅलेरियन यांचा पुतळा उभा राहिला. सायरसच्या कबरीकडे जायचा रस्ता अडवायचा आणि शापूरला चौकात आणायचा! शापूरभोवती कुणी घोषणा देत नाही, एवढाच दोघांतला फरक.

या दोन्ही याद्या एकाच माणसापाशी अडतात, मोसादेघपाशी. तेहरानमध्ये दक्षिणेच्या रेल्वे स्टेशनपासून उत्तरेच्या तज्रीशपर्यंत अठराएक किलोमीटरचा, चिनारांच्या रांगांनी सजलेला रस्ता आहे. शहाच्या काळात तो पहलवी रस्ता होता. क्रांती झाल्या झाल्या लोकांनी त्याला मोसादेघचं नाव दिलं. ५ मार्च १९७९ ला, बारा वर्षांत पहिल्यांदाच, त्यांच्या स्मृतिदिनाला अहमदाबादला उघडपणे जाता आलं आणि गावाकडचे रस्ते माणसांनी भरून गेले. हे प्रेम नव्या राज्यकर्त्यांना मानवलं नाही. १९८१ मध्ये क्रांतीचे नेते खोमेनी यांनी मोसादेघ मुसलमानच नव्हते असं जाहीर भाषणात म्हटलं आणि रस्त्याला वली-ए-अस्र, म्हणजे शियांच्या बाराव्या इमामाचं, नाव मिळालं. शहाला ते नकोत कारण त्यांनी राजाला घटनेच्या चौकटीत बसायला सांगितलं. मुल्लांना ते नकोत कारण मोसादेघना त्यासाठी धर्मगुरूंची गरज भासली नाही. आणि तेलाच्या राष्ट्रीयीकरणाची सुट्टी मात्र इराणमध्ये आजही दरवर्षी इराणी वर्षाअखेरीस, नवरोजच्या तोंडावर, मिळते. ज्याच्या कर्तृत्वाची सुट्टी, त्याचं नाव घेताना सरकारी जीभ अडखळते.

आता या याद्यांच्या मुळाशी असलेल्या कल्पनेकडे येतो. इराण दोन आहेत, एक सायरस-जरथुष्ट्राचा ‘खरा’ आणि दुसरा अरबांनी लादलेला, किंवा उलट, एक अज्ञानातला आणि दुसरा इस्लामनं उजळलेला. परदेशातले इराणी, आपल्याकडचे वाचक, टीव्हीवरचे जाणकार, सगळे यातली एक बाजू पकडून बोलतात. पण थोर म्हणून जी माणसं इराणी लोकांच्या तोंडी आहेत, त्यांच्यापैकी एकही या कापणीत नीट बसत नाही. मुसलमान नसलेल्या राजांचं महाकाव्य रचणारा फिरदौसी स्वतः मुसलमान होता. ग्रंथाच्या सुरुवातीला तो पैगंबर आणि अली यांचं स्तवन करतो. उमर खय्यामकडे आपण मद्य आणि माशूक यांचा कवी म्हणून पाहतो. पण सेल्जुक सुलतान मलिकशहाच्या पदरी बसून ज्या गणितींनी १०७९ चं जलाली पंचांग बसवलं त्यांत तो होता, आणि आजचं इराणी सौर पंचांग त्याच धर्तीचं आहे. म्हणजे धर्मसत्तेचं सरकारही तारीख लिहिताना खय्यामच्या हिशेबानंच चालतं.

हाफिजचं उदाहरण तर डोळ्यांनी पाहावं असं. हाफिज म्हणजे ज्याला कुराण मुखोद्गत आहे तो, आणि हाच माणूस ढोंगी मोहतसिबाची, म्हणजे लोकांच्या नीतीवर पहारा करणाऱ्या अधिकाऱ्याची, आणि जपमाळेच्या दांभिकांची आयुष्यभर टर उडवत राहिला. त्याच्याही दफनाला धर्मोपदेशकांनी हरकत घेतली, अशी दंतकथा आहे. मग त्याच्याच कवितांच्या चिठ्ठ्या टाकून एक उचलली, तर ओळ निघाली, ‘हाफिजच्या जनाज्यापासून पाऊल मागं घेऊ नका, पापात बुडालेला असला तरी तो स्वर्गातच जातो आहे.’ शिराजमध्ये त्याची कबर आठ खांबांच्या घुमटीखाली उघड्यावर आहे. घुमटी आंद्रे गोदार या फ्रेंच वास्तुविशारदानं १९३५ च्या सुमारास बांधली, दगड त्याहून जुना, अठराव्या शतकातला राज्यकर्ता करीमखान झंद याच्या वेळचा. लोक येतात, दगडावर दोन बोटं टेकवतात, ओठांतल्या ओठांत फातिहा म्हणतात. आणि तीच बोटं उचलून हाफिजचा दिवाण, म्हणजे काव्यसंग्रह, उघडतात, जे पान निघेल ती गझल आपल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून वाचतात. बाहेर रस्त्यावर आपल्याकडच्या पोपटवाल्या ज्योतिषासारखा फालवाला बसलेला असतो, त्याचा पक्षी चोचीनं पाकीट काढून देतो आणि आत भविष्याऐवजी हाफिजचा शेर असतो. फातिहा आणि शराबेची गझल यांच्यात त्या माणसांना जराही विसंगती वाटत नाही. ती वाटते यादी करणाऱ्यांना.

मोहम्मद-रझा शजरियान हा अलीकडचा दाखला. मशहदचा मुलगा, वडिलांच्या तालमीत कुराणपठण शिकून मोठा झाला, पुढं अभिजात इराणी संगीतातला सर्वश्रेष्ठ आवाज झाला. त्याची ‘रब्बना’ ही प्रार्थना वर्षानुवर्षं रमजानमध्ये इफ्तारच्या आधी सरकारी रेडिओ-टीव्हीवर लागायची. घरोघरी उपास सुटायचा तो त्या आवाजावर. २००९ च्या निवडणुकीनंतर राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजाद यांनी निदर्शकांना कचरा म्हटलं, तेव्हा शजरियान म्हणाला, मग माझा आवाज त्या कचऱ्याचाच आहे, आणि सरकारी माध्यमांनी माझी गाणी लावू नयेत असंही त्यानं कळवलं. ‘रब्बना’ बंद झाली. देवाची प्रार्थना इस्लामी राजवटीला अडचणीची झाली! ८ ऑक्टोबर २०२० ला तो तेहरानच्या इस्पितळात गेला. करोनाची साथ ऐन भरात असतानाही लोक दाराशी जमले, त्याचं ‘मुर्ग-ए-सहर’ गायले आणि सरकारी वाहिनीच्या नावानं धिक्काराच्या घोषणा दिल्या. त्याला तूसला नेऊन फिरदौसीच्या समाधीच्या आवारात पुरलं. १९९० मध्ये गेलेला कवी अखवान-सालिस तिथं आधीपासून होताच. शहानं राजवैभवासाठी बांधलेली वास्तू लोकांनी आपल्या दोन लाडक्यांच्या उपयोगाला आणली.

सत्तेला कबरींची भीती उगाच वाटत नाही. शिया रिवाजात मृत्यूचा चाळिसावा दिवस पाळतात. जानेवारी १९७८ मध्ये कुममध्ये गोळीबार झाला. त्या मृतांच्या चाळिसाव्याला फेब्रुवारीत तबरीझ पेटलं. तबरीझच्या मृतांच्या चाळिसाव्याला आणखी शहरं, आणि बघता बघता शहाचं सिंहासन हललं. ज्यांनी या चाळिसाव्यांच्या जोरावर सत्ता मिळवली, त्यांना त्यांची ताकद कुणी वेगळी सांगायला नको. २०२२ मध्ये हिजाबवरून अटकेत असताना मेलेल्या महसा अमिनी या तरुणीच्या चाळिसाव्याला तिच्या सक्केझ गावच्या रस्त्यावरून माणसांचा लोंढा कबरस्तानाकडे चालला होता, तेव्हा त्यांना काय आठवलं असेल? अहमद शामलू या कवीची करजमधली कबर २००० पासून कितीदा तरी फोडली गेली आहे. मेलेल्या कवीच्या दगडावर हातोडा चालवणारा माणूस त्या कवीला सरकारी गौरव समितीपेक्षा जास्त ओळखतो, असं मला वाटतं.

लोकांची स्मृती निर्दोष आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. ताहिरा कुर्रतुल-ऐन ही कझवीनची विदुषी आणि कवयित्री. १८४८ साली बदश्तच्या मेळाव्यात ती पडद्याविना पुरुषांसमोर आली. १८५२ मध्ये तेहरानला तिचा गळा आवळून प्रेत विहिरीत टाकलं आणि वर दगड लोटले. ती बाबी या धर्मगुरूंनी पाखंडी ठरवलेल्या पंथाची होती, म्हणून दोन्ही याद्यांनी तिला वगळलंच, पण सर्वसामान्य इराण्यांनीही कित्येक पिढ्या तिचं नाव घेतलं नाही. तिची तर कबरही नाही. कवयित्री फुरूग फर्रुखजाद मोसादेघच्या आधी तीन आठवडे, फेब्रुवारी १९६७ मध्ये, मोटार अपघातात वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेली. ती हयात असताना तिच्या कवितांवर नाकं मुरडणारे लोक शहाच्या ‘आधुनिक’ तेहरानमधलेच होते.

उलटही घडतं, क्वचित. गणितज्ञ मरियम मिर्झाखानीला २०१४ मध्ये फील्ड्स पदक हा गणितातला सर्वोच्च सन्मान मिळाला, तो मिळवणारी ती जगातली पहिली स्त्री. तेव्हा काही इराणी वर्तमानपत्रांनी तिच्या फोटोतले केस झाकायची कारागिरी केली. जुलै २०१७ मध्ये ती कर्करोगानं गेली, तेव्हा काहींनी तोच चेहरा उघड्या केसांनी पहिल्या पानावर छापला. तिचा नवरा परदेशी, त्यामुळं इराणी कायद्यानं मुलीला आईचं नागरिकत्व मिळेना. या निमित्तानं जुनी मागणी संसदेत पुन्हा जोरानं आली आणि २०१९ मध्ये इराणी आईच्या मुलांना नागरिकत्व मागता येईल असा कायदा झाला. गौरवाचं खरं काम म्हणायचं तर मी याला म्हणेन. पुतळ्यात एवढा दम नसतो.

यावर कुणी विचारील, की मग सरकारनं स्मारकं बांधूच नयेत का? बांधावीत की. गोदारची घुमटी नसती तर शिराज गरीबच राहिलं असतं. आणि २०१६ मध्ये पासारगादला जमलेल्या तरुणांचा रागही मला कळतो. ज्यांना शाळेत इतिहास अर्धाच शिकवला गेला, ते उरलेला अर्धा कबरीपाशी शोधणारच. पण त्या गर्दीतून परदेशात बसलेल्या राजपुत्राच्या नावाचा जयघोष निघतो तेव्हा मी सावध होतो. सायरसच्या आडून पहलवी परत आणायचे, म्हणजे पहिलीच यादी पुन्हा छापायची आणि मोसादेघला पुन्हा जेवणाच्या खोलीत ठेवायचं.

आपण मराठी वाचकही या बाबतीत फार सोवळे नाही. पारशी शेजाऱ्यांमुळं आपल्याला जरथुष्ट्राचा इराण जवळचा वाटतो, आणि त्यात वावगं काही नाही. पण हल्ली हे प्रेम ‘इस्लामनं बिघडवलेला महान देश’ या एका वाक्यात संपतं, आणि त्या वाक्याला हाफिज, शजरियान, फिरदौसी कुणीच पुरावा देत नाही. एके काळी आपल्याकडं याहून चांगली सोय होती. माधव जूलियन फारसीचे प्राध्यापक होते. त्यांनी फारसी-मराठी कोश केला आणि खय्यामच्या रुबाया थेट मूळ फारसीतून मराठीत आणल्या. सेतुमाधवराव पगडी फारसी साधनं मुळातून वाचत. आज हिदायत किंवा फुरूग वाचायची वेळ आली, की आपला हात आधी इंग्रजी भाषांतराकडे जातो, आणि त्या भाषांतराबरोबर लंडन-लॉस एंजेलिसमधल्या कुणाची तरी यादीही येते. हिदायतनं मुंबईत काढलेल्या त्या पन्नास प्रतींवरची मनाई इराणमधल्या विक्रीपुरती होती. मराठी वाचकाला ती तेव्हाही लागू नव्हती.